‘ओरिजिनल’ या शब्दाची झडती : वारशाने आलेली, अर्धी दुरुस्त झालेली गाडी विकताना

आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात मोटारगाडी कुठून आली. पण वस्तूची ओळख, तिची मालकी आणि तिच्याबद्दल खरं बोलण्याची जबाबदारी हे तीन प्रश्न एकत्र भेटतील अशी इतकी घरगुती वस्तू दुसरी सापडणं कठीण आहे.

समजा, वडिलांच्या मागे घरात एक फियाट ११०० राहिली आहे. १९६५ च्या सुमाराची, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली. वडिलांनी ती पुन्हा उभी करायला घेतली होती. इंजिनचं काम झालंय. पत्र्याचं अर्धं झालंय. एका बाजूला प्रायमर, दुसऱ्या बाजूला जुना रंग. काढलेले भाग एका पोत्यात बांधून ठेवलेत. आता मुलांना गाडी विकायची आहे, आणि जाहिरात लिहायला बसलं की पहिला शब्द येतो तो ‘ओरिजिनल’. आपली आजची टीका आहे ती या शब्दावर.

भाग बदलले तर वस्तू तीच राहते का, हा प्रश्न जुनाच आहे. प्लुटार्कने सांगितलेलं थीसियसचं जहाज आपल्याला माहीत आहे : अथेन्सचे लोक कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले, मग जहाज तेच की दुसरं? आपल्याकडे ‘मिलिंदपन्हो’त नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाकं का, दांडी का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. नागसेनाच्या मते ‘रथ’ हे या जुळणीला व्यवहारासाठी दिलेलं नाव आहे. नैयायिकांना हे मान्य नाही. ते म्हणतात, अवयवांहून वेगळा असा अवयवी खरोखर असतो. पण त्यांचंच म्हणणं शेवटपर्यंत नेलं, तर एक अवयव बदलला की जुना अवयवी संपतो आणि नवा निर्माण होतो. म्हणजे बघा, एका दर्शनात फियाट हे केवळ नाव आहे, आणि दुसऱ्यात बोनेट बदललं की फियाटच दुसरी!

हा वाद एकदा खरोखर कोर्टात गेला होता. ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स ही गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९३२ पर्यंत तिचे भाग बदलत गेले, मोठं आठ लिटरचं इंजिन बसलं. त्या वर्षी ब्रुकलँड्सला भीषण अपघात झाला, चालक क्लाइव्ह डनफी त्यात गेला. नंतर तिची रस्त्यावर चालवायची कूपे गाडी झाली. पुढे १९९० मध्ये तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि खरेदीदार कंपनीने माघार घेतली. कंपनीचं म्हणणं, शर्यत जिंकलेली गाडी ही नव्हेच. प्रकरण इंग्लंडच्या उच्च न्यायालयात गेलं.

न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे पुरावा आला तो असा : १९२९ च्या गाडीतलं नक्की सांगता येईल असं जवळपास काही उरलेलं नाही, १९३० च्या गाडीतले मोजके भाग आहेत. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. कारणाचा सारांश असा, की बदल हळूहळू, गाडी वापरात असताना होत गेले. ती कधी मोडीत निघून नव्याने जुळवली गेली नाही. आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च.

हा निकाल आम्हाला बरोबर वाटतो, पण अपुरा वाटतो. बरोबर अशासाठी, की ओळख सातत्यात असते हे त्याने मानलं. माणसाच्या बाबतीतही आपण तेच मानतो. अपुरा अशासाठी, की जुन्या वस्तूला आपण दोन वेगळ्या कारणांनी किंमत देतो, आणि त्यांची फोड निकालात होत नाही. एक कारण ओळख : ही तीच गाडी. दुसरं साक्ष : या पत्र्याने, या रंगाने तो काळ पाहिला आहे. सातत्याने ओळख टिकते, साक्ष टिकत नाही. १९२९ चा पत्रा एकदा गेला की त्या वर्षी तो कसा ठोकला होता, कसा रंगवला होता, हे सांगणारं कुणी उरत नाही. गाडी तीच, पण साक्षीदार गेला. ‘ओरिजिनल’ हा शब्द नेमकी हीच फट झाकतो. विकणारा ओळखीच्या अर्थाने बोलतो, घेणारा साक्षीच्या अर्थाने ऐकतो, आणि पैसे मधल्या मध्ये वाढतात.

आता त्या पोत्याकडे वळू. थीसियसच्या जहाजाला हॉब्जने एक फाटा फोडला होता : काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच जहाज जुळवलं तर? आपल्या पोत्यात तेच दुसरं जहाज आहे. गंजलेला बंपर, जुना कार्ब्युरेटर, मीटरची काच, दाराच्या कड्या. घर आवरताना पहिल्यांदा भंगारात जातं ते हेच. आमचं म्हणणं, गाडी विकायची तर पोत्यासकट विका. ओळख गाडीत आहे, पण साक्षीचा मोठा वाटा पोत्यात आहे.

कायद्यातही हा गोंधळ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या घातली. वाहन पन्नास वर्षांहून जुनं हवं, मूळ स्वरूपात जपलेलं हवं, आणि चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. हेतू चांगला आहे. पण ‘मूळ स्वरूप’ म्हणजे कोणत्या दिवशीचं? कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीचं, की पंचवीस वर्षं वापरून झाल्यावरचं? जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाची, ‘फिवा’ची, ट्यूरिन सनद इथे अधिक शहाणी वाटते. वयाच्या खुणा हाही इतिहासच, शक्य तिथे नुसतं जतन करा, आणि जे बदलाल त्याची नोंद ठेवा, असा तिचा रोख आहे.

यावरून आमचा मुद्दा निघतो, आणि तो बाजाराच्या सल्ल्याच्या विरुद्ध आहे. बाजार सांगतो, थोडा खर्च करा, रंग मारा, चकचकीत करून विका. आम्ही म्हणतो, अर्धी आहे तर अर्धीच विका. अर्धी गाडी खोटं बोलू शकत नाही. कुठे लांबी भरली, कुठे पत्रा जोडला, हे उघडं दिसतं. रंग बसला की ते झाकलं जातं, आणि उरलेला जुना रंगही कायमचा जातो. कुणी म्हणेल, यात नुकसान विकणाऱ्याचं. असेल. पण १९३० च्या आपल्या मालविक्री कायद्यातही वर्णनावरून माल विकला तर तो वर्णनाशी जुळलाच पाहिजे ही अट गृहीत आहे. वर्णन जितकं नेमकं, तितका विकणाराही सुरक्षित.

राहिला वारसा. व्यवहाराची बाजू थोडक्यात : मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची, आणि वारस अनेक असतील तर सगळ्यांची संमती आधी घ्यायची. भावंडांत खरी भांडणं होतात ती मात्र किमतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवरून. एक म्हणतो विकू, दुसरी म्हणते बाबांनी हाती घेतलेलं काम आपण पुरं केलं पाहिजे. जणू ते पितृऋणच. इथे भेद करावा लागेल. वस्तू वारशाने येते, संकल्प येत नाही. वडिलांना गाडी दुरुस्त करण्यात आनंद होता. तो त्यांचा होता आणि त्यांनी तो घेतला. मुलांना त्यात गोडी नसेल, तर काम अर्धं राहणं हा अपराध नाही. मात्र ती आठवण गिऱ्हाइकाच्या बिलात लावू नका. ‘वडिलांची आठवण आहे’ म्हणून मागितलेले जास्तीचे पैसे म्हणजे न विकता येणाऱ्या गोष्टीची किंमत. ते नातं गाडीबरोबर जात नाही, मग त्याचे पैसे कसे घ्यायचे?

तेव्हा जाहिरातीतून ‘ओरिजिनल’ हा एक शब्द काढा आणि त्या जागी चार ओळी लिहा : काय बदललं, केव्हा बदललं, काय तसंच आहे, काय पोत्यात आहे. गॅरेजच्या पावत्या आणि मिस्त्रीने सांगितलेलंही त्यात घाला. वडिलांच्या मेहनतीचा मान या चार ओळींत जास्त राहतो, कारण त्यांनी केलेलं काम पुढच्या माणसाला दिसतं आणि तिथून ते पुढे नेता येतं. एवढं बोलून थांबू.