शिडी, झाड आणि वस्तानचे दात

मराठीत माणसाच्या उत्पत्तीविषयी लिहायला बसलेला लेखक बहुधा एका ठरलेल्या वाटेने जातो. आरंभी डार्विन, मग झाडावरचे माकड, मग जमिनीवर उतरलेले माकड, मग हातात दगड घेतलेला केसाळ पुरुष, आणि शेवटी ताठ उभा राहिलेला, तुमच्या-माझ्यासारखा कोणीतरी. (बाई या मिरवणुकीत सहसा नसतेच.) प्रवास आफ्रिकेत सुरू होतो, युरोपातल्या गुहांत रेंगाळतो आणि प्रकरण संपता संपता एखाद्या ओळीपुरता भारतात डोकावतो. शालेय पुस्तके, दिवाळी अंकांतले माहितीपर लेख, इंग्रजीवरून केलेली भाषांतरे, या साऱ्यांची घडण थोड्याफार फरकाने हीच. सुरतेत राहून हे लेखन वाचताना मला त्यात दोन दोष दिसतात. एक, ते आपल्या पायाखाली पाहत नाही. दुसरा त्याहून गंभीर आहे: ते शिडीच्या भाषेत बोलते.

पायाखालचे आधी पाहू. सुरत जिल्ह्याच्या मांगरोळ तालुक्यात वस्तान नावाचे गाव आहे. तेथल्या लिग्नाइटच्या उघड्या खाणीतला कोळसा जवळच्या नानी नरोलीच्या वीजकेंद्रासाठी काढला गेला. कोळशाच्या थरांमधल्या मातीत सुमारे 5 कोटी 45 लाख वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे अवशेष सापडले. वटवाघळे, घोडा-गेंड्यांच्या कुळाशी जवळचे नाते सांगणारा कॅम्बेथेरियम, राळेत अडकून राहिलेले किडे, आणि या साऱ्यांत माणूस ज्या गणात मोडतो त्या प्रायमेट गणातले लहानखुरे प्राणी. 2005 साली सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या एकाला 'मार्कगोडिनोशियस इंडिकस' असे नाव दिले. 2007 साली केनेथ रोझ, राजेंद्र राणा, अशोक साहनी, किशोर कुमार, थिएरी स्मिथ आदींच्या गटाने दुसऱ्याला 'एशियाडॅपिस कॅम्बेएन्सिस' म्हटले, म्हणजे आपल्या खंबातचा. भारतात मिळालेले हे सर्वांत जुने प्रायमेट. त्या काळी भारताचे भूखंड आशियाला जेमतेम टेकत होते किंवा टेकायचे होते, आणि हिमालय अजून उठायचा होता. यांतले बरेच अवशेष आज गढवालच्या श्रीनगरला आणि रुडकीला आहेत, म्हणजे त्या प्राण्यांनी कधीच न पाहिलेल्या पर्वताच्या अंगणात.

समीक्षेच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. 2008 साली बाजपेयींच्या गटाने वस्तानच्या काही सुट्या दातांवरून 'अँथ्रासिमियस गुजराटेन्सिस' हा नवा प्राणी जाहीर केला. नावाचा अर्थ कोळशातले माकड, गुजरातचे. दावा मोठा होता. माकडे, वानर, कपी आणि माणूस ज्या शाखेवर बसतात त्या शाखेचा आशियातला हा सर्वांत जुना प्रतिनिधी, असा. पुढच्याच वर्षी रोझ यांच्या गटाने जबडे, दात आणि हातापायांची हाडे एकत्र मांडून म्हटले की हे दात वेगळ्या प्राण्याचे नाहीत, मार्कगोडिनोशियसचेच आहेत. आणि तो प्राणी आपल्या शाखेवरचा नसून लेमूर-लोरिसांच्या बाजूचा आहे. म्हणजे आपल्या लाजवंतीच्या बाजूचा, जिला तळकोकणात वनमाणूस म्हणतात. 2016 साली वस्तानच्याच 25 हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की लेमूरांकडे जाणारी आणि माकडांकडे जाणारी, अशा दोन्ही बाजूंच्या प्राण्यांची हाडे येथे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की दोन शाखा जेथे फुटल्या त्या बेचक्याच्या फार जवळ आपण उभे आहोत.

मी या दोन गटांचे निबंध दोन समीक्षकांनी एकाच संहितेचे केलेले वाचन म्हणून वाचतो. एकाने चार अक्षरांवरून ओळ लावली. दुसऱ्याने आजूबाजूचे पान वाचून ती बदलली. सुट्या दाताची उंचवट्यांची ठेवण दोन वेगळ्या कुळांत स्वतंत्रपणेही सारखी होऊ शकते, म्हणून दाताला जबड्याची आणि जबड्याला पायाच्या हाडाची साक्ष लागते. मला दुसरे वाचन अधिक पटते. पण पहिल्याला मी उतावीळ म्हणणार नाही. दावा मांडला नसता तर तो तपासलाही गेला नसता. आपल्या लोकप्रिय विज्ञानलेखनात नेमकी हीच वादाची बाजू गाळली जाते आणि उरतो फक्त निकाल. असेच नर्मदेच्या कवटीचे. 1982 साली अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात हथनोरा येथे ती मिळाली. त्यांनी ती होमो इरेक्टसची मानली, नंतरच्या अनेकांनी ती आपल्या जातीच्या आधीच्या, पण इरेक्टसहून पुढच्या माणसाची मानली. मराठी पुस्तकात मात्र ती एका ओळीत 'नर्मदा मानव' होऊन बसते.

आता शिडीकडे. तिचे सर्वांत प्रसिद्ध चित्र 1965 साली 'अर्ली मॅन' या टाइम-लाइफच्या पुस्तकात रुडॉल्फ झॅलिंगर यांनी काढले. डावीकडून उजवीकडे चालत जाणाऱ्या 15 आकृत्या, प्रत्येक पुढची मागचीपेक्षा ताठ. ते पुस्तक लिहिणाऱ्या क्लार्क हॉवेल यांच्या मजकुरात अशी सरळ रांग नव्हती, पण मजकूर विसरला गेला आणि चित्र राहिले. आपल्या भाषेने त्या चित्राला आयतीच साथ दिली. 'उत्क्रांती' या शब्दात 'उत्' आहे, वर जाणे आहे. गुजरातीनेही हाच शब्द घेतला. शब्द आता रुळला आहे, तो बदला असे मी म्हणत नाही; पण त्यातला 'उत्' वाचकाच्या मनात काय करतो हे लेखकाने ओळखायला हवे. काजवा, लाजवंती, चिंपांझी आणि माणूस आज एकाच वेळी जगत आहेत, म्हणजे साऱ्यांचा प्रवास सारखाच लांबचा झाला आहे. चिंपांझी आपला आजोबा नव्हे. सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी त्याचा आणि आपला पूर्वज एक होता; तो आपला चुलतभाऊ. वस्तानचा प्राणी त्याहून फार दूरचा, चुलत-चुलत घराण्यातला.

आणि नाती सांगायला आपली भाषा काही गरीब नाही. इंग्रजी एका शब्दात गुंडाळते तेथे आपण चुलत, मावस, आते, मामे असे चार पदर उलगडून सांगतो. ज्या भाषेत दूरच्या लग्नातसुद्धा नाते चार पायऱ्या वर जाऊन आणि तीन खाली उतरून शोधले जाते, त्या भाषेला वंशवृक्ष समजावून देण्यासाठी शिडी उसनी आणावी लागावी, याचे मला नवल वाटते.

हा केवळ शब्दांचा वाद असता तर मी या अंकाची पाने अडवली नसती. शिडीला पायऱ्या असतात, आणि पायऱ्या आल्या की खालच्या पायरीवर कोणाला तरी बसवले जाते. डांग, सोनगड, अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यावरचे आपले प्रवासलेख काढून पाहा. वसावा, गामीत, चौधरी, कोकणा, भिल यांच्या पाड्यावर पोहोचलेला लेखक तिथे आदिम काळात शिरल्याचा आनंद व्यक्त करतो. त्याच्या मनात तेच चित्र आहे, फक्त काळाच्या जागी त्याने अंतर घातले आहे. माणूस म्हणून आपली जात सुमारे तीन लाख वर्षांची. पाड्यावरचा माणूस आणि सुरतच्या साडीबाजारातला माणूस हे त्या पूर्वजापासून अगदी सारख्याच अंतरावर आहेत. 'आदिवासी' हा हक्काचा आणि इतिहासाचा शब्द आहे. त्यातला 'आदि' कवटीला लावायचा नाही. वस्तान मांगरोळ तालुक्यात आहे, आणि त्या परिसरात वसावा, गामीत, चौधरींची वस्ती मोठी आहे. साडेपाच कोटी वर्षांच्या हाडांशी या शेजाऱ्यांचे नाते तेवढेच आहे, जेवढे माझे.

या बाबतीत मराठीला एक वाट केव्हाच दाखवली गेली होती आणि आपल्या टीकाकारांनी तिच्याकडे पुरेसे पाहिले नाही. इरावती कर्वे आपल्याला 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. 1967 साली आलेले ते पुस्तक साहित्य अकादमीच्या पुरस्काराने घरोघर पोहोचले. ललित निबंधांच्या चर्चेत 'परिपूर्ती' येते. पण त्यांची सुरुवात कवट्या मोजण्यातून झाली. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेवर प्रबंध लिहिला. असमानतेच्या बाबतीत युरोपीय कवट्या इतरांहून वेगळ्या निघतील, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मापांत तसा वंशभेद निघाला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. फिशर पुढे नाझी वंशधोरणाच्या सेवेत गेले. विशीतल्या एका परदेशी विद्यार्थिनीने गुरूच्या अपेक्षेविरुद्ध आकडे मांडणे ही माझ्या मते मराठी बौद्धिक इतिहासातली एक मोठी घटना आहे.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्यावर 1940 च्या दशकात त्या ह. धी. सांकळिया यांच्याबरोबर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात लांघणजच्या उत्खननात होत्या; तेथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले. मापनाचा मोह मात्र त्यांना सुटला नाही. महाराष्ट्रातल्या जातींची मोजमापे त्यांनी वि. म. दांडेकरांबरोबर 1951 साली प्रसिद्ध केली. आज त्या तक्त्यांकडे पाहताना अस्वस्थ वाटते, कारण जात आणि नाकाची रुंदी एका रांगेत मांडणे हीच मुळी वसाहतकाळातली सवय आहे. तरीही त्या आकड्यांचा उपयोग त्यांनी उलट दिशेने केला. एकाच नावाखाली, एकाच पायरीवर मानल्या जाणाऱ्या जाती शरीराने एकसारख्या नसतात, हे 1968 साली कै. मल्होत्रांबरोबरच्या आठ समूहांच्या अभ्यासात त्या दाखवू पाहतात. निबंधकार इरावती आणि कवट्या मोजणारी इरावती यांना आपण दोन कपाटांत ठेवले. 'युगान्त'मध्ये देवपण बाजूला ठेवून माणूस पाहण्याची जी सवय आहे, ती बर्लिनच्या त्या मापपट्टीतून आली असावी, असे मला वाटते. निदान हे एकदा तपासून पाहायला हवे होते.

शाळेचे काय? 2022 च्या फेररचनेत एन.सी.ई.आर.टी.ने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला, आणि 2023 साली अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला, पण तिथवर विज्ञान घेऊन जाणारी मुले किती? लिंबायत-उधन्याच्या मराठी शाळेतून बाहेर पडणाऱ्या खानदेशी मुलाला हा विषय मग कुठे भेटणार, तर फिरत्या मजकुरांत आणि आपल्यासारख्या अंकांत. म्हणून येथे काय छापले जाते याला वजन आहे.

सीमेवर राहणाऱ्या लेखकाला एक सोय आहे, ती पुण्या-मुंबईच्या लेखकाला नाही. त्याला एकाच वस्तूची दोन नावे आणि एकाच नावाच्या दोन वस्तू रोज भेटतात. गुजरातीत 'मांकड' म्हणजे ढेकूण. नव्याने आलेल्या माणसाची घर भाड्याने घेताना काय फजिती होते ते येथे सर्वांना ठाऊक आहे. काळ्या तोंडाचा तो वानर आणि लाल तोंडाचे ते माकड, हा आपला घरगुती भेद इंग्रजी 'मंकी'त हरवतो, आणि 'माकडापासून माणूस' म्हणताना आपणही तो हरवू देतो. शिवाय खुद्द तापी ही माकडांचीही सीमा मानली गेली आहे: दक्षिणेला टोपी माकड, उत्तरेला ऱ्हिसस. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ऱ्हिसस ही रेषा ओलांडून दक्षिणेत पुष्कळ आत आल्याचे आणि टोपी माकडाचा मुलूख आक्रसत असल्याचे दिसले. नवापूर स्थानकातल्या बाकावर दोन राज्यांमधली रेघ रंगवलेली आहे; एक जण महाराष्ट्रात बसतो, दुसरा गुजरातेत, आणि शेंगदाण्याची पुडी दोघांच्या मध्ये असते. वस्तानच्या दातांवरून जाती आणि शाखा ठरवणारे शास्त्रज्ञ अशीच रेघ मारत असतात. ती मारावी लागते, आणि पुढच्या खोदकामात ती सरकवावीही लागते.