हद्द आणि वेस

गावात महारवाडा वेशीबाहेर असे. शहराला वेस नाही, म्हणून शहर म्हणजे मुक्ती, हे आपल्या समीक्षेने फार घाईने गृहीत धरले. वेस नसली तरी शहराला हद्द असते, आणि ती सरकते.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तली (१९७२) आणि दया पवारांच्या ‘बलुतं’मधली (१९७८) मुंबई कामाठीपुरा-नागपाड्याची, म्हणजे जुन्या शहराच्या ऐन पोटातली. आपण तिलाच शहराचा परीघ म्हणत राहिलो. प्रत्यक्षातला परीघ दुसरीकडेच रचला जात होता. १९२७ साली देवनारला कचरा टाकणे सुरू झाले, तेव्हा देवनार हद्दीबाहेर होते. १९५० व १९५७ साली हद्द वाढत मुलुंड-दहिसरपर्यंत गेली. देवनार आत आले. कचरा तिथेच राहिला. शहरातून उठवलेली माणसे पालिकेने मानखुर्दजवळच्या जनता कॉलनीत वसवली. आणीबाणीत, १९७६ साली, तीही पाडून त्यांना चिता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकले. त्यांत दलित होते, मुसलमान होते, तमिळ मजूर होते. म्हणजे हद्दीच्या आत येऊनही माणूस वेशीबाहेरच!

बाबूराव बागुलांच्या कथेतल्या नायकाने जात चोरली (१९६३). माझा एक विद्यार्थी गोवंडीला राहतो आणि अर्जावर ‘चेंबूर’ लिहितो. मी त्याला हटकले नाही. नोकरीच्या अर्जावर मीही तेच केले होते. जात चोरण्यावर आपण पुष्कळ लिहिले. चोरलेल्या पत्त्यावर समीक्षा कधी बोलणार?