जेवूनखाऊन किती?

हवाईतल्या सेंद्रिय शेतांच्या लिस्टिंग्ज हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, असं माझं मत झालंय. गेल्या हिवाळ्यात मी त्या शंभरेक तरी वाचल्या असतील. ‘वूफ’ किंवा ‘वर्कअवे’सारख्या साइटवर शेतमालक स्वतःबद्दल तीन-चारशे शब्द लिहितो, दहा-बारा फोटो टाकतो, आणि जगभरातली तरुण मुलं ते वाचून तिथे कामाला जातात. पगार नाही. साधारण चार-पाच तास काम, आठवड्यातले पाच दिवस. बदल्यात राहणं आणि जेवण.

या प्रकाराचे नियम पक्के आहेत. पहिल्या परिच्छेदात मालक मोठं शहर सोडून इथे कसा आला ते येतं. दुसऱ्यात पपई, केळी, नोनी, मॅकाडेमिया. मग ‘आमचं कुटुंब’ हा शब्द येतो, आणि वाचणाऱ्यालाही त्या कुटुंबात ओढून घेतलं जातं. ‘काम’ हा शब्द मात्र जपून वापरतात. लोक इथे हातभार लावतात, शिकतात, वाटून घेतात. गिनी ग्रास नावाचं पुरुषभर उंचीचं गवत तीन आठवडे कापत राहणं म्हणजे ‘जमिनीशी नातं जोडणं’.

लिस्टिंगमधला सगळ्यात चांगला गद्यभाग सूचनांमध्ये असतो. पाणी पावसाचं आहे, टाकीत साठवतो, बेताने वापरा. शौचालय कंपोस्टचं आहे, भुसा टाकायला विसरू नका. कोकी बेडूक रात्रभर ओरडतात, झोप सावध असेल तर येऊ नका. पानं नीट धुऊनच खा, गोगलगायींमुळे रॅट लंगवर्म होतो. इथे मालक विकायचं विसरतो आणि खरं लिहितो. बिग आयलंडवर पुना नावाचा जिल्हा आहे (हो, पुना, पुणेकरांनी फार आनंदून जाऊ नये, तिथे ज्वालामुखी आहे), तिथल्या लिस्टिंग्जमधल्या या सूचना मी निव्वळ वाचनानंदासाठी वाचत बसायचो.

पण शंभर लिस्टिंग्ज वाचून झाल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. भांडण झालं तर काय, हे कुणीच लिहीत नाही. मालकाशी चौथ्या दिवशी वाजलं, तर त्या रात्री मी झोपायचं कुठे? बेड हाच पगार असेल, तर काम गेलं की बेडही गेला. नोकरी आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात. रिव्ह्यूमध्येही हे सापडत नाही, कारण रिव्ह्यू दोन्ही बाजू एकमेकांना देतात. आपल्याला पुढचं शेत मिळायचं असेल तर सगळेच गोड बोलतात. मी दिवसभर जी सॉफ्टवेअरं लिहितो त्यांतही अशी रेटिंगं असतात, त्यामुळे पाच ताऱ्यांवर माझा मुळातच विश्वास कमी.

‘वूफ’ या नावाचा इतिहासच बघा. १९७१ मध्ये लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या सू कॉपर्ड या बाईंना शनिवार-रविवारी गावाकडे जाऊन शेतात राबावंसं वाटलं, आणि ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या शेतावर त्यांनी पहिला वीकेंड ठरवला. तेव्हा नाव होतं ‘वर्किंग वीकेंड्स ऑन ऑरगॅनिक फार्म्स’. पुढे लोक जास्त दिवस राहायला लागले, तसं ते ‘विलिंग वर्कर्स’ झालं. आणि आता ते आहे ‘वर्ल्ड वाइड ऑपॉर्च्युनिटीज’. आधी ‘वर्किंग’, मग ‘वर्कर’, मग एकदम ‘संधी’. अनेक देशांच्या इमिग्रेशन खात्यांना ‘वर्कर’ हा शब्द दिसला की परवान्याची आठवण व्हायची, म्हणून तो काढला. आद्याक्षरं तीच ठेवून आतला मजूर तेवढा बाहेर काढला. संपादन म्हणून हे फार हुशारीचं आहे.

सरकारला मात्र हे संपादन पटलेलं नाही. मी कॅलिफोर्नियात एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो. तीन आठवड्यांची सुट्टी पुना जिल्ह्यात गवत कापण्यात घालवावी, असा माझा बेत होता. सावधगिरी म्हणून एका वकिलाला विचारलं. उत्तर दोन ओळींचं आलं: कामाच्या बदल्यात खोली आणि जेवण मिळत असेल तर तो मोबदलाच धरला जाऊ शकतो, आणि तुला फक्त तुझ्या कंपनीकडून मोबदला घेता येतो, जाऊ नकोस. शंभर लिस्टिंग्जना जे सांगता आलं नाही ते त्या ईमेलमध्ये होतं. जेवण म्हणजे मजुरी.

आपल्या भाषेला हे कळायला वकील लागत नाही. सालगडी ठरवताना आमच्या आजोबांच्या गावात पहिला प्रश्न असायचा, “जेवूनखाऊन किती?” म्हणजे भाकरी मालकाची धरून, वर हातात काय? भाकरीचा हिशेब आधी मांडायचा आणि मगच पुढे बोलायचं. लिस्टिंग्जमध्ये ‘जेवूनखाऊन’ आहे, ‘किती’ गाळलंय.

बेत बारगळला म्हणून सुट्टीत मी हवाईबद्दलचं एक पुस्तक वाचलं, आणि हा लेख खरं तर त्याबद्दल आहे. मिल्टन मुरायामा यांची ‘ऑल आय आस्किंग फॉर इज माय बॉडी’ ही छोटी कादंबरी. मुरायामांचा जन्म १९२३ मध्ये माउई बेटावरच्या लाहाइनात झाला, जपानी मजुरांच्या घरात. पुस्तक १९७५ मध्ये आलं. १९८८ मध्ये हवाई विद्यापीठाने ते पुन्हा छापलं. शंभराच्या आसपास पानं, तीन भाग. नावाचं व्याकरण मुद्दामच ‘चुकीचं’ आहे, कारण ते प्लँटेशनवरच्या पिजिनमध्ये आहे. अर्थ साधारण असा, की मी दुसरं काही मागत नाही, माझं शरीर तेवढं मला द्या.

कथा १९३० च्या दशकातली. निवेदक कियो, त्याचा थोरला भाऊ तोश, आई-वडील, भावंडं. डोक्यावर सहा हजार डॉलरचं कर्ज, आणि तेही आजोबांकडून आलेलं. जपानी रीतीप्रमाणे ते थोरल्या मुलाने फेडायचं. तोशला बॉक्सर व्हायचंय. आई-वडिलांना तो उसाच्या मळ्यात हवाय. दोघं भाऊ वर्षानुवर्षं राबतात आणि आकडा जागचा हलत नाही. मराठी वाचकाला इथे ‘उचल’ आठवेल. मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडायला जाणारी बीडची जोडी हंगाम संपल्यावरही देणं लागते, हे आपण बातम्यांत वाचतो. पीक तेच आहे. फरक इतकाच, की मुरायामा कर्जाचं टोक मालकाच्या हातात न देता आईच्या हातात देतात, आणि त्यामुळे पुस्तक जास्त त्रास देतं. मालकाला शिव्या घालता येतात, आईला काय म्हणणार?

पहिला भाग मला सगळ्यात आवडला. कियो लहान आहे. त्याचा मित्र माकोत फिलिपिनो वस्तीत राहतो, त्याच्याकडे पैसे खुळखुळतात, आणि तो कियोला घरी जेवायला बोलावतो. कियोच्या घरी मात्र फर्मान निघतं, त्याच्याकडे जेवायचं नाही. का, ते कुणी सांगत नाही. माकोतची आई पैसे कशी मिळवते, हे वाचणाऱ्याला पोरापेक्षा आधी कळतं. मुरायामांनी यावर एक शब्दही भाष्य केलेलं नाही. ताटात काय आहे ते सांगितलं, ते कुठून आलं ते पोराला कळू दिलं नाही, आणि गोष्ट तिथेच ठेवली. ‘रोज संध्याकाळी एकत्र जेवण’ हे वाक्य लिस्टिंगमध्ये वाचलं की मला आता माकोतचं घर आठवतं.

वस्तीचा नकाशाही विसरता येत नाही. टेकडीच्या माथ्यावर मॅनेजरचं घर, त्याखाली मुकादमांची, त्याखाली जपानी, आणि तळाला फिलिपिनो. सांडपाणी याच क्रमाने वरून खाली येतं. कुणी कुठे झोपायचं हे कंपनी ठरवत होती, कारण घरं कंपनीची होती. पाणी, जळण, दवाखानाही कंपनीचा. कागदोपत्री हे सगळं फुकट होतं.

या फुकटची किंमत कादंबरीबाहेरच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १९२० मध्ये ओआहू बेटावर जपानी आणि फिलिपिनो मजुरांनी संप केला, तेव्हा प्लँटेशनवाल्यांनी संपकऱ्यांच्या कुटुंबांना घरांतून बाहेर काढलं. हजारो माणसं, आणि तीही फ्लूच्या साथीत. ही आठवण कामगार विसरले नाहीत. १९४६ मध्ये सव्वीस हजारांच्या आसपास ऊस कामगार ७९ दिवस संपावर गेले. त्यांच्या मुख्य मागण्यांपैकी एक अशी होती, की आम्हाला फुकट घर नको. घराचे, जळणाचे, दवाखान्याचे पैसे करा आणि पगारात रोख द्या, भाडं आम्ही भरू. ही मागणी त्यांनी मिळवली.

हे वाचल्यावर मी उठून चहा करून घेतला. ज्या बेटांवर माणसं ७९ दिवस संप करून ‘राहणं-जेवणं फुकट’मधून बाहेर पडली, त्याच बेटांवर आता माझ्या वयाची मुलं विमानाचं तिकीट काढून त्यात शिरतायत. त्यांनी कापायचं गवतसुद्धा बऱ्याच ठिकाणी त्याच उसाचं मागे उरलेलं आहे. बिग आयलंडच्या हमाकुआ किनाऱ्यावरचा ऊस १९९० च्या दशकात बंद पडला, माउईवरचा शेवटचा कारखाना २०१६ मध्ये. ओसाड मळ्यांत बाहेरून आणलेलं गवत माजलं. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरायामांचं लाहाइना जळालं, त्या आगीला हे वाळलेलं गवतही कारण होतं.

आता कुणी म्हणेल, सुट्टीवर आलेल्या पोरांची तुलना प्लँटेशनच्या मजुराशी कशी करतोस? बरोबर आहे, सरसकट करता येत नाही. ज्याच्या खिशात परतीचं तिकीट आहे तो कुठल्याही संध्याकाळी निघू शकतो. पण लिस्टिंग ते तिकीट गृहीत धरते आणि त्याबद्दल बोलत नाही. काही मुलं नोकरी गेल्यावर, भाडं परवडेना म्हणून, महिनोन्महिने एका शेतावरून दुसऱ्या शेतावर फिरत असतात. त्यांच्यासाठी तो बेड म्हणजे सुट्टी नाही. तिकिटाचं म्हणाल, तर माझ्याकडे ते आहे, पण माझी नोकरी गेली तर मलाही साठ दिवसांत नवी शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. चांगल्या पगाराच्या माणसाने तोशशी नातं सांगू नये हे मला कळतं. तरी पुस्तकाच्या नावापाशी मी जरा जास्त वेळ थांबलो, हेही खरं.

शेतमालकांची बाजूही आहे. हवाईत २०२४ मध्ये किमान वेतन तासाला १४ डॉलर होतं. महिन्याला शंभर तास म्हणजे १,४०० डॉलर. तणनाशक न मारता पाच एकर स्वच्छ ठेवायचे, तर असे कितीतरी तास लागतात, आणि पपई काही सोन्याच्या भावाने विकली जात नाही. छोटा शेतकरी ही मजुरी देऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. पण मग शेजारचा जो शेतकरी माणसं पगारावर ठेवतो, त्याने पपई कोणत्या भावाने विकायची? पपईवरच्या ‘सेंद्रिय’ स्टिकरमध्ये मातीचा हिशेब असतो, तासांचा नसतो.

मुरायामांकडे तासांचा हिशेब आहे, पण त्यांचंही सगळंच जमलेलं नाही. फिलिपिनो वस्ती पुस्तकात सतत आहे, तिचा वास येतो, तिचा संप होतो, आणि तरी तिथला एकही माणूस लक्षात राहील असा उभा राहत नाही. कियोला ती टेकडीवरूनच दिसते. बायकांचंही तसंच, आईचे हात शिवणकामाने झिजतात हे आपल्याला मुलांकडून कळतं, आई स्वतः फार कमी बोलते.

शेवटाबद्दल वाद आहेत (ज्यांना वाचायचंय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा). कियो युद्धात सैन्यात भरती होतो, बराकीत फासे टाकतो, हातचलाखी करतो, आणि कर्ज फिटेल एवढे पैसे जिंकून घरी पाठवतो.

हा शेवट लेखकाने ओढून आणला, असं पहिल्या वाचनात मलाही वाटलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना मी मळ्यातल्या मजुरीवरून हिशेब करून पाहिला, फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर. घरखर्च वजा जाता ते कर्ज दोन भावांच्या उभ्या आयुष्यात फिटत नव्हतं. मुरायामांनी बहुतेक हीच बेरीज आधी करून पाहिली असणार, आणि मगच फासे हातात घेतले.