‘एकच प्याला’ आणि अर्थकेंद्री समूहोपचार : व्यसनग्रस्त दांपत्यजीवनाचा एक पुनर्विचार

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर, 1919 साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविणारी शोकांतिका म्हणून त्याची समीक्षा विपुल झाली आहे. व्यसन आणि विवाह यांतील ‘जीवनार्थाचा’ प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. अर्थकेंद्री समूहोपचाराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्हिएन्ना येथील मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी नाझी छळछावण्यांतील अनुभव 1946 साली ग्रंथरूपाने मांडला. जगण्याला अर्थ असावा ही माणसाची मूलभूत प्रेरणा असून ती खुंटली की अस्तित्वाची पोकळी निर्माण होते आणि व्यसन हे ती पोकळी भरण्याचा एक फसवा मार्ग ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पुढे कॅनडातील पॉल वाँग यांनी या विचारास अर्थकेंद्री उपचाराचे रूप दिले. समूहात बसून ‘मी का पितो?’ याबरोबरच ‘मी कशासाठी जगतो?’ हा प्रश्न विचारणे, हे या पद्धतीचे सूत्र होय.

या सूत्राने पाहता सुधाकराचे पतन केवळ तळीरामाच्या कुसंगतीने घडत नाही. वकिलीची सनद काही काळासाठी रद्द होते तेव्हा त्याचा व्यवसायच नव्हे, तर स्वतःविषयीची त्याची धारणाही कोसळते. पुढे तो दारू सोडण्याचा निर्धार करतो, कामाच्या शोधात बाहेर पडतो, आणि पूर्वपरिचितांकडून अवहेलना पदरी घेऊन परततो. निश्चय होता, परंतु त्या निश्चयाला वाव देणारे काम नव्हते आणि माणसेही नव्हती. याउलट प्रेमभंगामुळे मद्याकडे वळलेला भगीरथ रामलालच्या सहवासात लोकसेवेचे ध्येय सापडताच सावरतो. गडकऱ्यांनी ही दोन पात्रे समोरासमोर उभी करून व्यसनमुक्तीचे मर्म नेमके हेरले आहे.

पुण्यात हे मर्म प्रत्यक्ष उपचारात उतरलेले दिसते. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने 1986 साली येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेले अनेक रुग्णमित्र तेथे पुढे कार्यकर्ते व समुपदेशक झाले. आपल्या भूतकाळाचा दुसऱ्यास उपयोग होतो, ही जाणीव त्या भूतकाळालाच अर्थ देते. सुधाकराला जे मिळाले नाही, ते हेच.

तथापि खरी अडचण सिंधूपाशी उद्भवते. तिच्या जीवनात अर्थाचा अभाव मुळीच नाही. पातिव्रत्याने तिला परिपूर्ण अर्थ दिला आहे. पतीच्या शब्दाखातर माहेरची मदत नाकारून ती दळण दळते आणि मरणशय्येवरही खोटी जबानी देऊन त्याला वाचवू पाहते. म्हणजेच सुधाकराचा विनाश अर्थ हरपल्यामुळे, तर सिंधूचा विनाश अर्थाच्या अतिरेकामुळे होतो. तिच्या त्यागाने सुधाकराचे व्यसन थांबत नाही. उलट त्याच्या परिणामांवर पडदा पडतो. गीता मात्र आपल्या नवऱ्याच्या व्यसनाला व्यसनच म्हणते. प्रेक्षकांचे अश्रू सिंधूच्या वाट्याला आले, गीतेच्या स्पष्टोक्तीची तेवढी दखल घेतली गेली नाही.

म्हणूनच पतिपत्नींच्या समूहोपचारात ‘दुःखालाही अर्थ असतो’ हे वाक्य सावधपणे उच्चारले पाहिजे. फ्रँकल यांनी हा विचार अटळ दुःखापुरताच मर्यादित ठेवला आहे. टाळता येणारे दुःख प्रथम दूर करावे, ते विनाकारण सोसण्यात शौर्य नाही, असेच ते सांगतात. मारहाण हे अटळ दुःख नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदाही तेच मान्य करतो. समुपदेशकाने पत्नीच्या सहनशीलतेला ‘अर्थ’ हे नाव दिले, तर पातिव्रत्याचा जुना आदर्शच शास्त्राच्या भाषेत परत येईल.

पतीच्या उपचारात पत्नीला ‘साधन’ मानणे हाही त्याच वृत्तीचा आविष्कार होय. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी 1951 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या अल-अॅनॉनने या संदर्भात मोलाची दिशा दिली : पतीचे पिणे पत्नीमुळे उद्भवलेले नाही आणि ते थांबविणे तिच्या हाती नाही. मुक्तांगणातील ‘सहचरी’ हा पत्नींचा स्वतंत्र गटही म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. पतीसमोर न उच्चारता येणारे शब्द तेथे उच्चारता येतात.

सारांश, अर्थकेंद्री समूहोपचार व्यसनग्रस्त विवाहास उपकारक ठरू शकतो. मात्र दोघांच्या अर्थाचा शोध आधी स्वतंत्रपणे व्हावयास हवा. विवाह टिकणे हे त्या शोधाचे एक संभाव्य फल आहे, त्याची पूर्वअट नव्हे. पतीची व्यसनमुक्ती आणि पत्नीची भयमुक्ती या दोन्ही कसोट्यांवर उतरेल, तोच उपचार यशस्वी म्हणता येईल.