क्रीडांगणाचा फराळ आणि घरची चूल

क्रीडांगणावर मिळणारे खाणे घरी सिद्ध करून दूरचित्रवाणीपुढे सामना पाहावयाचा, अशी एक चाल सध्या आपल्या घरांत रूढ होत आहे. समोसे, कचोऱ्या, मक्याच्या लाह्या आणि चीज ओतलेल्या मक्याच्या चकत्या मांडल्या, की दिवाणखान्याचे क्रीडांगण होते, असा या चालीच्या पुरस्कर्त्यांचा समज दिसतो. हा समज कितपत टिकतो, हे आम्ही येथे तपासणार आहो.

प्रथम आमचीच साक्ष. ता. ८ डिसेंबर २०११ रोजी इंदूरच्या होळकर क्रीडांगणावर भारत व वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना होता. तिकिटे न मिळाल्यामुळे आम्ही काही मंडळी छत्रीबागेतील एका स्नेह्यांच्या घरी जमलो होतो. ज्या क्रीडांगणाची नक्कल चालली होती, ते त्याच गावात होते! सेहवागने १४९ चेंडूंत २१९ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांत पुरुष खेळाडूने केलेले ते दुसरेच द्विशतक होते. ते पुरे झाले तेव्हा आम्ही सारे उठून ओरडलो. त्या घरच्या वहिनी मात्र त्या वेळी कढईपुढे होत्या. पदराला हात पुशीत त्या बाहेर आल्या, आणि पुन्हा दाखविलेले दृश्य पाहून म्हणाल्या, “झालं वाटतं!” क्रिकेट आम्हां सर्वांपेक्षा त्यांनाच अधिक कळत होते. आमच्या हातांतील कचोरी गरम होती, एवढेच त्यांच्या वाट्याचे श्रेय.

आता मूळ वस्तूकडे वळू. क्रीडांगणावरचे खाणे तसे का असते? एका हाताने खाता यावे, ताट लागू नये, आणि घेणाऱ्याची नजर खेळावरून फार काळ ढळू नये, म्हणून. चीजच्या चकत्यांचेच पाहा. मेक्सिकोच्या सरहद्दीवर १९४३ च्या सुमारास जन्मलेला हा पदार्थ १९७६ मध्ये टेक्सासमधील आर्लिंग्टनच्या क्रीडांगणावर विकावयास आला, तो पातळ चीज ओतण्याची युक्ती काढून. कारण गिऱ्हाइकास रांगेत खोळंबावयास लावणे विक्रेत्यास परवडत नव्हते. म्हणजे ज्या खाण्याचा सारा गुण खोळंबा टाळण्यात, तेच घरी करण्यासाठी आपण घरातील एका माणसास सबंध सामनाभर खोळंबवून ठेवतो. नक्कल पदार्थाची झाली; त्यामागील हेतू मात्र निसटला.

शिवाय आपल्याकडे प्रवाह मूळचा उलटा होता. मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर कसोटी सामन्यास लोक घरचे डबे घेऊन जात. पुरीभाजी, चिवडा, लाडू. उपाहाराच्या वेळी डबे उघडत आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्याही हातावर घास पडे. आता बहुतेक क्रीडांगणांत बाहेरचे अन्न नेऊ देत नाहीत. घरचा डबा फाटकाबाहेर राहिला आणि क्रीडांगणाचे खाणे घरात शिरले, हा व्यवहार आम्हांस तोट्याचा वाटतो.

प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. गुडघ्यांनी अधू झालेले आजोबा पायऱ्या चढून मैदानात बसू शकत नाहीत. प्रत्येक घरास तिकिटे परवडतात असेही नाही. अशांनी घरी थोडी जत्रा भरविली तर त्यात गैर ते काय? काहीच नाही. चार माणसे एकत्र बसून आनंदाने खातात, ही गोष्ट आजच्या दिवसांत थोडी नव्हे. आमची तक्रार जत्रेविषयी नाही. जत्रेतून एकीला वगळण्याविषयी आहे.

आपल्या देवळांतील रीत आठवावी. समाराधनेच्या दिवशी रांधणारे व वाढणारे शेवटच्या पंगतीस बसतात हे खरे. पण आरतीची घंटा वाजली की आचारीही पळी खाली ठेवून देवापुढे येऊन उभा राहतो. जेवण मागेपुढे होईल, दर्शन सर्वांना एकाच वेळी. आमच्या मते सामन्याच्या घरासही हाच दंडक लागू करावा.

आणि तो अवघड नाही. सकाळीच डबा भरावा. इंदुरात शेव व जिरावण घातलेले पोहे आहेत. कोकणी घरांत दिवाळीला होणारे नाना परींचे फोव आहेत. त्यांतील दह्यातले किंवा गुळखोबऱ्याचे चुलीपाशी कोणास अडकवून ठेवीत नाहीत. चिवडा, लाडू, थालीपीठ आहेच. देवास नैवेद्य दाखवून, नाणेफेकीपूर्वी चूल विझवावी आणि सर्वांनी बसावे. खेळ पाहणाऱ्याचा मान कचोरीच्या खुसखुशीतपणात नाही. तो ऐन क्षणी हजर असण्यात आहे.

त्या वहिनींना ते द्विशतक पुन्हा पाहावयास मिळाले, प्रत्यक्ष घडताना मिळाले नाही. या दाव्यात आम्ही कचोरी खाणारे प्रतिवादी आहो, आणि आमच्यापाशी बचाव नाही.