साक्षीदार दोन, मन एक : गुप्त तपासातल्या प्रेमकथेविषयी



आज बोलायचं आहे ते एका ठरावीक कथानकाबद्दल. औषधांचा काळा धंदा चाललेला असतो. दोन पोलीस अधिकारी, एक पुरुष आणि एक स्त्री, नवरा-बायकोचं सोंग घेऊन त्या वस्तीत राहायला जातात. सोंग वठवता वठवता खरोखरच प्रेमात पडतात. शेवटी टोळी पकडली जाते, लग्नही ठरतं आणि प्रेक्षक खूश होतात. माझा आक्षेप प्रेमावर नाही. या प्रेमाने तपासाचं काय होतं, हा प्रश्न अशी कथा विचारतच नाही, आणि तिथेच ती पोकळ ठरते.

आधी गुन्ह्याचं स्वरूप पाहू. गांजा लपवून विकावा लागतो. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, हा माल मात्र मेडिकलच्या फळीवर उजळ माथ्याने बसलेला असतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिलं तर तो उपचार, चिठ्ठीशिवाय दिलं तर गुन्हा. वस्तू तीच! २०१३ साली अशा औषधांसाठी ‘शेड्यूल एच-वन’ आलं. दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवायची, डॉक्टर कोण, रुग्ण कोण, माल किती दिला हे लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. म्हणजे सेवा आणि गुन्हा यांच्यातली भिंत ही कागदाची आहे. गुन्हेगार उपचाराच्या आडोशाला बसतो. आपल्याच जिल्ह्यात २०१७ साली पांगरमलचं विषारी दारूकांड झालं. ती बनावट दारू जिल्हा रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये तयार होत असल्याचं तपासात पुढे आलं होतं. अशा ठिकाणी दोषी आणि निर्दोष शेजारी शेजारी उभे असतात. तपासणाऱ्याची नजर म्हणून फार स्वच्छ हवी.

आता कौटिल्याकडे वळू. अर्थशास्त्रात गूढपुरुषांचा, म्हणजे हेरांचा, सविस्तर विचार आहे. तापस, व्यापारी, गृहस्थ, भिक्षुकी अशी सोंगं तो सांगतो. त्याचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. हेरांची एकमेकांशी ओळख नसावी, आणि तिघांची बातमी जुळली तरच ती खरी धरावी. असं का? कारण आपापसांत बोलून आलेले तीन साक्षी हे तीन नसतातच. ती एकच साक्ष, तीन तोंडांनी सांगितलेली. आपला कायदाही झडतीला किमान दोन स्वतंत्र पंच मागतो. त्यात ‘दोन’ इतकंच ‘स्वतंत्र’ महत्त्वाचं.

जोडीने सोंग घेतलेल्यांना एकमेकांची ओळख असणारच, ते टळत नाही. म्हणून तर दोघांनी आपापली नजर वेगळी राखायची जास्त गरज. प्रेम नेमकं हे वेगळेपण विरघळवतं. ‘तुला दिसलं तेच मला दिसलं’ हे संसारात भूषण असेल, तपासात तो दोष आहे. आता तुम्ही म्हणाल, सर, नवरा-बायकोइतकं एकमेकांना चूक ठरवणारं दुसरं कोण आहे? खरं आहे. पण ते घरात! वरिष्ठांसमोर, कोर्टात उलटतपासणीला उभं राहिल्यावर किती जण म्हणतील की माझ्या माणसाने चुकीचं पाहिलं?

मग अशी जोडी कथेत चालतच नाही का? चालते. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि विजया आठवा. माझ्या पिढीने ती पुस्तकं क्रमिक पुस्तकात लपवून वाचली. तिथे जोडी शोभते, कारण झुंजार काही खात्याचा नोकर नाही. त्याचा न्याय तोच करतो, पुरावा कोर्टात टिकण्याची त्याला चिंता नसते. आजच्या कथेला मात्र झुंजारची मोकळीकही हवी आणि वर्दीची प्रतिष्ठाही हवी. दोन्ही एकदम कसं मिळेल?

शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी हे जास्त शहाणपणाने हाताळलं. ‘सत्यान्वेषी’ या कथेत ब्योमकेश नाव बदलून कलकत्त्याच्या एका मेसमध्ये राहतो. कोकेनच्या धंद्यामागे निघतो तिथलाच होमिओपॅथी डॉक्टर! पण त्या कथेत प्रेम नाही, आणि खोलीतल्या अजितलाही तो आपली ओळख सांगत नाही. सत्यवती भेटते ती वेगळ्या कथेत, ‘अर्थमनर्थम्’मध्ये. १९९३ च्या दूरदर्शन मालिकेत ती भूमिका आपल्या सुकन्या कुलकर्णींनी केली होती. सत्यवतीचा भाऊ आरोपी आहे. तो निर्दोष असल्याचं ती कळवळून सांगते. ब्योमकेशचा जीव तिच्यावर जडतो, तरी तिच्या शब्दावर तो थांबत नाही. खरा गुन्हेगार पुराव्यानेच शोधतो. प्रेमाला त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही, म्हणून दोन्ही टिकलं.

यात पणाला काय लागतं? एकीकडे सचोटीने नोंदवही भरणारा दुकानदार. दुसरीकडे झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळीवर खरोखर अवलंबून असलेला रुग्ण. चुकीच्या संशयाने ते दुकान बंद पडलं, तर अकोल्यातल्या एखाद्या वाडीवरच्या म्हातारीने गोळी आणायची कुठून? ही म्हातारी त्या प्रेमकथेत कधी दिसत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशी जोडी पडद्यावर दिसली, तर एवढंच बघा : दोघांपैकी एकजण दुसऱ्याला, प्रेम असूनही, सगळ्यांदेखत ‘तू चुकतो आहेस’ म्हणतो का? म्हणत असेल, तर लेखकाला प्रेमही कळलंय आणि तपासही.