त्र्यंबकेश्वराचा नंदीमंडप आणि ‘नवअभिजात’ ही संज्ञा

पेशवेकालीन मंदिरवास्तूंच्या विवेचनात ‘अनुकरण’ हा शब्द बहुधा दोषदर्शक अर्थाने येतो. यादवकाळाबरोबर दगडी मंदिरकलेचे वैभव संपले आणि अठराव्या शतकात उरली ती केवळ नक्कल, असा या मताचा सारांश. याच शतकात युरोपीय वास्तुकारांनी ग्रीक-रोमन रूपांकडे पाठ फिरवण्याऐवजी तोंड वळवले. त्या चळवळीला मात्र ‘नवअभिजात’ अशी गौरवाची संज्ञा लाभली. एकाच प्रवृत्तीला दोन मापे लावणे कितपत न्याय्य, हा प्रश्न त्र्यंबकेश्वराच्या प्राकारात उभ्या राहणाऱ्या अभ्यासकास टाळता येत नाही.

कालाचे साम्य लक्षणीय आहे. नानासाहेब पेशव्यांनी जुन्या देवालयाच्या जागी नव्या मंदिराचे काम १७५५ मध्ये आरंभिले व ते १७८६ मध्ये पूर्ण झाले, असे मानले जाते. विंकेलमानचा ग्रीक कलाकृतींच्या अनुकरणाचा पुरस्कार करणारा निबंध १७५५ मध्येच प्रसिद्ध झाला, आणि व्हर्साय येथील उद्यानात रिशार मीक याने बांधलेले ‘प्रेममंदिर’ १७७८ मध्ये सिद्ध झाले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध अर्थातच नाही. परंतु तुलनेस आवश्यक असलेली समकालीनता येथे आहे.

व्हर्सायचा तो मंडप बारा कॉरिंथियन स्तंभांवर घुमट तोलणारा, वर्तुळाकार व सर्व बाजूंनी खुला आहे. मध्ये मदनाची मूर्ती आहे. पण तिची पूजा होत नाही. राणीच्या प्रासादातून दिसणारे एक रम्य दृश्य, हेच त्या वास्तूचे प्रयोजन. त्र्यंबकेश्वराचा नंदीमंडपही आकाराने लहान आणि मुख्य वास्तूपासून सुटा आहे. मात्र तो दुरून पाहण्यासाठी नाही. महाद्वारातून फरसबंदी प्राकारात आलेला यात्रिक प्रथम नंदीशी थांबतो, मग सभामंडपात व तेथून गर्भगृहाच्या उंबरठ्याशी जातो. नंदीची दृष्टी ज्या रेषेवर खिळलेली आहे, त्याच रेषेवर दर्शनाचा क्रम उलगडतो. मंडप त्या रेषेवरून हलविला तर व्हर्सायप्रमाणे केवळ देखावा बदलणार नाही; वास्तूचा अर्थच ढळेल.

मुख्य मंदिराकडे वळता पूर्वपरंपरेचे ऋण स्पष्ट होते. काळ्या पाषाणाचे बांधकाम, अनेक कोनांनी मोडलेला तलविन्यास, शिखरावर चढत जाणाऱ्या लघुशिखरांच्या रांगा ही सारी भाषा याच जिल्ह्यातील सिन्नरच्या यादवकालीन गोंदेश्वराची आठवण देते. येथे आक्षेप घेता येईल की, कारागिरांना दुसरी भाषा अवगतच नव्हती. हा आक्षेप टिकत नाही. नाशिकच्या सुंदरनारायण मंदिराचे काम १७५६ मधले, म्हणजे जवळजवळ त्याच वर्षीचे. आणि त्यात कमानी व घुमट यांचा इस्लामी वास्तुकलेकडून आलेला परिचय उघड दिसतो. अवघ्या काही कोसांच्या अंतरावर निराळी शैली उपलब्ध असता त्र्यंबकेश्वरी जुनी शैली स्वीकारली गेली. अर्थात ती निवड होती, अगतिकता नव्हे. ज्योतिर्लिंगाच्या प्राचीनत्वास साजेसे रूप हवे, ही जाणीव तीमागे असावी, असे अनुमान करता येते.

तथापि ‘नवअभिजात’ ही संज्ञा जशीच्या तशी उचलणेही सदोष ठरेल. युरोपने ज्या देवतांची मंदिरे पुन्हा उभारली, त्या देवतांची उपासना शतकानुशतके लोपलेली होती. तेथे खंड पडला होता तो श्रद्धेत. रूप तेवढे उद्यानाची शोभा म्हणून परतले. त्र्यंबकेश्वरी उपासना अखंड होती. खंड पडला होता तो मोठ्या प्रमाणावरील मंदिरनिर्मितीत. म्हणून एका ठिकाणी पुनरुज्जीवन हे स्मरणरंजन आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती गरज आहे.

या गरजेला मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा नेमका शब्द आहे. पण तोही एकटा पुरत नाही. जीर्णोद्धार हे कृतीचे नाव आहे, शैलीचे नव्हे. सुंदरनारायणासारख्या शैलीतही तो होऊ शकला असता. कृती आणि शैली यांची ही गल्लत झाल्यामुळेच पेशवेकालीन स्थपतींच्या निवडीचे श्रेय त्यांना मिळालेले नाही.

निष्कर्ष एवढाच की, त्र्यंबकेश्वराचे मंदिर कृतीने जीर्णोद्धार आणि शैलीने मर्यादित अर्थी नवअभिजात मानावे. ‘अनुकरण’ या निवाड्यास मात्र आधार हवा. गोंदेश्वर व त्र्यंबकेश्वर यांचे तलविन्यास, शिखररचना व स्तंभांची प्रमाणे शेजारी ठेवून मोजल्यावाचून काय घेतले, काय टाकले आणि काय नव्याने घातले, हे सांगता येणार नाही. ते सांगितल्यावाचून दिलेला ऱ्हासाचा निर्णय हा समीक्षेचा नव्हे, सवयीचा निर्णय होय.